स्क्रीन लाल झाली? आधी माउसवरचा हात काढा!

मुलाची मार्कशीट डाऊनलोड करायला बसलात, 'डाऊनलोड' लिहिलेलं एक हिरवं बटण दाबलंत आणि अख्खी स्क्रीन लालभडक झाली. भोंगा वाजतोय. मधोमध मोठ्या अक्षरात लिहिलंय की कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडला आहे, मशीन बंद केलंत तर सगळं पुसलं जाईल, ताबडतोब या नंबरवर फोन करा. माउस हलवला तरी काही होत नाही.

मी शेजारी खुर्ची ओढून बसले आहे असं समजा. आपण हे दोघं मिळून निस्तरणार आहोत, आणि ते निस्तरतंच.

एवढंच लक्षात ठेवा: ती लाल स्क्रीन म्हणजे इंटरनेटवरचं एक पान आहे. भिंतीवरच्या पोस्टरने घरातलं कपाट उघडत नाही, तसं हे पान आपणहून तुमच्या फाइली पुसू शकत नाही. त्याला तुमचा हात लागतो: एक फोन, एक क्लिक, एक ओटीपी. तो हात आपण देणार नाही.

खालच्या पायऱ्या विंडोज ११ आणि क्रोमसाठी आहेत. विंडोज १० वर किंवा एजमध्ये नावं थोडी इकडेतिकडे होतील, क्रम तोच. जवळ वही-पेन, मोबाइल आणि लॅपटॉपचा चार्जर ठेवा.

आधी स्क्रीन सोडवा

१. माउसवरचा हात काढा. 'ओके', 'कॅन्सल', 'स्कॅन नाऊ' यातलं काहीही दाबायचं नाही. सावधान: कोपऱ्यातली फुलीसुद्धा नाही. ती बहुतेक वेळा चित्राचाच भाग असते आणि तिच्यावर क्लिक केलं की पान पूर्ण स्क्रीनभर पसरतं.

२. आवाज बंद करा. कीबोर्डवर स्पीकरचं चित्र असलेलं बटण दाबा, नाहीतर स्पीकरची वायर काढा. ही पायरी फालतू वाटेल, पण मी ती मुद्दाम इतकी वर ठेवली आहे. माझ्या मावशीकडे असाच भोंगा वाजला, तेव्हा तिने फोन हातात घेऊन नंबरचे सहा आकडे दाबूनही झाले होते. शेजारच्या मुलाने येऊन आवाज बंद केला आणि ती थबकली. 'अगं, मी कुणाला फोन करतेय?' हे तिला शांतता झाल्यावर सुचलं.

३. मोबाइलने स्क्रीनचा एक फोटो काढा. तो फोन नंबर आणि वरच्या पट्टीतला पत्ता दिसत असेल तर तोही फोटोत येऊ द्या. पुढे तक्रार करायची वेळ आली तर कामाला येतो. सावधान: हा फोटो घरच्या ग्रुपवर टाकू नका. कुणीतरी काळजीपोटी त्या नंबरवर फोन लावतं.

४. कीबोर्डच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातलं एस्केप बटण दाबून धरा. टिचकी नको, दोन-तीन सेकंद धरून ठेवा. पान लहान होईल आणि वर टॅबची ओळ दिसेल.

५. कंट्रोल आणि डब्ल्यू एकत्र दाबा. टॅब बंद होईल. 'लीव्ह साइट?' असा प्रश्न आला तर 'लीव्ह' म्हणा. बंद झाला? छान, सरळ पायरी ९ वर या. नसेल झाला तर पुढे चला.

६. कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट ही तिन्ही बटणं एकदम दाबा. ही तीन बटणांची किल्ली कुठलंही वेब पान अडवू शकत नाही, म्हणून इथे हमखास सुटका होते.

७. आलेल्या यादीतून 'टास्क मॅनेजर' निवडा.

८. त्यात 'गूगल क्रोम' या ओळीवर एकदा क्लिक करून 'एंड टास्क' दाबा. सावधान: दुसऱ्या टॅबमध्ये अर्धवट भरलेला फॉर्म असेल तर तो जाईल. जाऊ द्या.

९. उजव्या खालच्या कोपऱ्यातून वाय-फाय बंद करा. वायरचं इंटरनेट असेल तर मागची वायर काढा. क्रोमला 'मागच्या वेळी जे उघडं होतं ते उघड' अशी सवय लावलेली असेल, तर क्रोम उघडताच तेच लाल पान परत येतं. नेट बंद असलं की ते लोडच होत नाही.

आता वहीत खरं खरं लिहा

१०. लाल स्क्रीन दिसल्यापासून तुमच्या हातून काय काय झालं ते लिहून काढा. लाज वाटायचं कारण नाही. त्या नंबरवर बोललात का? कुणाच्या सांगण्यावरून एनीडेस्क, टीमव्ह्यूअर असलं काही घेऊन त्याला स्क्रीन दाखवलीत का? कार्डाचा नंबर, यूपीआय पिन, ओटीपी दिलात का? एखादी फाइल उतरवून उघडलीत का?

आणि एक प्रश्न वेगळा विचारते, कारण हा डाव आता फार चालतो. 'मी रोबो नाही हे सिद्ध करा' म्हणणारं पान आलं आणि त्याने तुम्हाला विंडोज आणि आर, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर दाबायला लावलं का? यात काय होतं ते नीट बघा. तुम्ही 'मी रोबो नाही' वर क्लिक करता, त्याच क्षणी ते पान एक हुकूम गुपचूप तुमच्या क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं जिथे साठतं तिथे, ठेवतं. विंडोज आणि आर दाबलं की हुकूम देण्याची लहान खिडकी उघडते, कंट्रोल आणि व्हीने तो तिथे चिकटतो आणि एंटरने सुटतो. म्हणजे चोराने स्वतः काहीच केलं नाही, तुमच्याच बोटांनी करवून घेतलं. खरी चाचणी फार तर चित्रं ओळखायला किंवा दिसणारी अक्षरं टाइप करायला लावते. विंडोज आणि आर सारखी बटणं कधीच दाबायला लावत नाही. हे तुमच्या बाबतीत झालं असेल तर वहीत मोठ्या अक्षरात 'विंडोज-आर' लिहा. तुमच्यासाठी पुढे एक जास्तीची पायरी आहे.

११. पैशाची, कार्डाची किंवा ओटीपीची काहीही माहिती गेली असेल, तर आत्ता, याच मिनिटाला, मोबाइलवरून १९३० हा नंबर लावा. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पैसे पुढच्या खात्यातून निघून जायच्या आत अडवता येण्याची शक्यता जितक्या लवकर फोन कराल तितकी जास्त. कॉम्प्युटर साफ करणं थांबू शकतं, हे थांबू शकत नाही. नंतर सवडीने सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर लेखी तक्रार नोंदवा, पायरी ३ मधला फोटो तिथे जोडा.

१२. बँकेला फोन करून कार्ड आणि नेट बँकिंग बंद करायला सांगा. सावधान: बँकेचा नंबर गूगलवर शोधू नका. तिथे खोटे कस्टमर केअर नंबर पेरलेले असतात. कार्डाच्या पाठीवर किंवा पासबुकावर छापलेला नंबरच लावा.

यातलं काही झालं नसेल तर तुम्ही मोठ्या संकटातून आधीच सुटला आहात. चला, आता केर काढू.

क्रोम झाडून घ्या

१३. नेट बंद ठेवूनच क्रोम उघडा. 'रिस्टोर पेजेस?' असं विचारणारी लहान पट्टी आली तर तिची फुली दाबा. ही फुली खरी आहे. सावधान: 'रिस्टोर' दाबलंत तर नेट सुरू होताच पायरी ४ पासून पुन्हा सुरू.

१४. उजवीकडे वरच्या तीन उभ्या ठिपक्यांवर क्लिक करून 'सेटिंग्ज' उघडा.

१५. डावीकडच्या यादीतून 'ऑन स्टार्टअप' निवडून 'ओपन द न्यू टॅब पेज' वर खूण करा. तिथे एखाद्या अनोळखी साइटचा पत्ता आधीच भरलेला दिसला तर तो काढा.

१६. 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', त्यात 'साइट सेटिंग्ज', त्यात 'नोटिफिकेशन्स' उघडा.

१७. 'अलाऊड' खालची यादी सावकाश, एकेक ओळ वाचा. बहुतेकांचं खरं दुखणं इथेच सापडतं, म्हणून इथे जरा थांबू या. तुम्ही म्हणता ना, 'काहीही उघडलेलं नसताना कोपऱ्यात सारखं व्हायरस सापडल्याचं येतं'? तो व्हायरस नसतो. कधीतरी फुकट मॅच किंवा सिनेमा बघताना एका पानाने विचारलं होतं, 'पुढे जाण्यासाठी अलाऊ दाबा', आणि तुम्ही दाबलं होतं. त्या एका परवानगीवर ती साइट रोज तुमच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात चिठ्ठ्या टाकते. चिठ्ठीवर अँटिव्हायरसचं चित्र लावते, म्हणून ती खरी वाटते. पण नीट बघा: चिठ्ठीवर लहान अक्षरात क्रोमचं नाव आणि एका विचित्र साइटचा पत्ता असतो. खऱ्या अँटिव्हायरसची सूचना क्रोममधून येत नाही.

१८. ओळखीच्या नसलेल्या प्रत्येक नावापुढचे तीन ठिपके दाबून 'ब्लॉक' निवडा. 'रिमूव्ह' पेक्षा 'ब्लॉक' बरं. नुसतं काढलेलं नाव पुढच्या वेळी पुन्हा परवानगी मागू शकतं. सावधान: यादी लांब असली तरी मध्ये सोडू नका, एक जरी उरलं तरी चिठ्ठ्या चालू राहतात.

१९. त्याच पानावर वर 'डोन्ट अलाऊ साइट्स टू सेंड नोटिफिकेशन्स' निवडा. आता कुणी विचारणारच नाही. मला विचाराल तर घरच्या कॉम्प्युटरवर नोटिफिकेशनची गरज असलेली साइट जवळपास नसतेच.

२०. मागे येऊन 'पॉप-अप्स अँड रिडायरेक्ट्स' उघडा आणि परवानगीच्या यादीतली अनोळखी नावं काढा. बँकेची किंवा सरकारी कामाची साइट तुम्हीच टाकली असेल तर ती राहू द्या.

२१. पत्त्याच्या पट्टीशेजारच्या कोड्याच्या तुकड्यासारख्या चित्रावर क्लिक करून 'मॅनेज एक्सटेन्शन्स' उघडा.

२२. जे तुम्ही स्वतः घेतलेलं आठवत नाही ते 'रिमूव्ह' करा. फुकट व्हीपीएन, व्हिडिओ डाऊनलोडर, कूपन शोधून देणारे, पीडीएफ बदलून देणारे यांच्याकडे आधी बघा. सावधान: घरच्या मशीनवर एखाद्याला 'रिमूव्ह' बटणच नसेल आणि 'ॲडमिनिस्ट्रेटरने बसवलं आहे' असं लिहिलेलं असेल, तर ते आगंतुकाचं काम आहे. त्याचं नाव वहीत लिहा, त्याला पायरी ३२ आणि ३४ मध्ये गाठू. ऑफिसच्या लॅपटॉपवर मात्र हे नेहमीचंच असतं, तिथे हात लावू नका.

२३. सेटिंग्जमधल्या 'सर्च इंजिन' मध्ये तुमचं नेहमीचंच नाव आहे ना ते बघा. भलतंच काही असेल तर बदला.

२४. क्रोम बंद करून डेस्कटॉपवरच्या त्याच्या चित्रावर माउसचं उजवं बटण दाबा आणि 'प्रॉपर्टीज' उघडा. 'टार्गेट' या चौकटीत क्रोम डॉट ईएक्सई च्या पुढे एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला दिसला तर फक्त तेवढा पत्ता खोडा आणि 'ओके' म्हणा. कितीही वेळा सेटिंग बदललं तरी तेच पान उघडतं, त्याचं मूळ कधी कधी इथे असतं.

कॉम्प्युटरच्या आत

२५. डाऊनलोड्सचा फोल्डर उघडून आजच्या, न ओळखीच्या फाइली डिलीट करा आणि रिसायकल बिन रिकामा करा. सावधान: 'बघू तरी काय आहे' म्हणून डबल क्लिक करू नका. एकच क्लिक, मग डिलीट.

२६. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'ॲप्स', मग 'इन्स्टॉल्ड ॲप्स' उघडा.

२७. 'सॉर्ट बाय' मध्ये 'डेट इन्स्टॉल्ड' निवडा. आता सगळ्यात नवीन वर आलं. भानगड सुरू झाली त्या दिवसाच्या आसपास काय काय आलंय ते इथे लगेच कळतं.

२८. अनोळखी नावापुढचे तीन ठिपके दाबून 'अनइन्स्टॉल' करा. एनीडेस्क वगैरे कुणाच्या सांगण्यावरून घेतलं असेल तर तेही आत्ताच. सावधान दोनदा. काही आगाऊ प्रोग्राम जाता जाता 'खरंच काढायचं?' विचारतात आणि 'ठेवा' चं बटण मोठं, रंगीत दाखवतात, वाचूनच दाबा. आणि मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस, इंटेल, रिअलटेक, एनव्हिडिया अशी नावं कंटाळवाणी असली तरी ती कॉम्प्युटरच्या कामाची आहेत, त्यांना राहू द्या.

२९. पुन्हा टास्क मॅनेजर उघडून 'स्टार्टअप ॲप्स' मध्ये जा आणि मशीन सुरू होताच चालू होणाऱ्या अनोळखी गोष्टी 'डिसेबल' करा. चुकून भलतं बंद झालं तर त्याच जागी 'एनेबल' करता येतं, धीटपणे करा.

३०. स्टार्ट मेनूत 'विंडोज सिक्युरिटी' शोधून उघडा आणि 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' मध्ये जा. दुसरा अँटिव्हायरस बसवलेला असेल तर त्याचं नाव इथे दिसेल. मग पूर्ण स्कॅन त्यातूनच करायचा. दोन अँटिव्हायरस एकदम चालू ठेवू नका, ते एकमेकांच्या पायात येतात.

३१. 'मॅनेज सेटिंग्ज' मध्ये खाली 'एक्सक्लूजन्स' बघा आणि तुम्ही न टाकलेली प्रत्येक नोंद काढा. ही पायरी स्कॅनच्या आधीच हवी. एक्सक्लूजन म्हणजे 'या फोल्डरकडे बघू नकोस' अशी सूचना. काही मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, शिरताना आपलं घर या यादीत टाकून ठेवतात. मग स्कॅन तासन्‌तास चालतो, 'काही सापडलं नाही' म्हणतो आणि तुम्ही निश्चिंत होता. घर झाडताना पलंगाखाली न बघण्यासारखं ते आहे.

३२. वाय-फाय सुरू करून 'प्रोटेक्शन अपडेट्स' खालचं 'चेक फॉर अपडेट्स' दाबा. अपडेट झालं की 'स्कॅन ऑप्शन्स', 'फुल स्कॅन', 'स्कॅन नाऊ'. चार्जर लावा, कारण याला काही तास लागू शकतात. सावधान: 'क्विक स्कॅन' वर भागवू नका. आणि स्कॅन चालू असताना त्या मशीनवरून बँकेचं काम नको.

३३. सापडलेल्या गोष्टींपुढे 'स्टार्ट ॲक्शन्स' दाबा. लोक इथे हमखास चुकतात: यादी बघून खिडकी बंद करतात. सापडलं म्हणजे गेलं असं नाही, जोवर तुम्ही हे बटण दाबत नाही.

३४. उघड्या फाइली सेव्ह करून 'स्कॅन ऑप्शन्स' मधला 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर अँटिव्हायरस, ऑफलाइन स्कॅन' चालवा. कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होईल आणि विंडोज पूर्ण जागं व्हायच्या आत तपासणी होईल. लपून बसणारे इथे सापडतात. साधारण १५ मिनिटं लागतात. सावधान: काळ्या-निळ्या स्क्रीनवर टक्के सरकताना घाबरून बटण दाबू नका.

३५. क्रोम उघडून पाच मिनिटं नेहमीच्या साइट फिरून बघा. तरीही भलती पानं उगवत असतील तर सेटिंग्जमध्ये 'रीसेट सेटिंग्ज', मग 'रिस्टोर सेटिंग्ज टू देअर ओरिजिनल डिफॉल्ट्स'. बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड जात नाहीत; एक्सटेन्शन मात्र बंद होतात. कुणी तुम्हाला क्रोममधलं 'क्लीन अप कॉम्प्युटर' शोधायला सांगेल, तर शोधत बसू नका. ते २०२३ मध्येच काढून टाकलं आहे.

३६. ही पायरी फक्त वहीत 'विंडोज-आर' लिहिलेल्यांसाठी, आणि ज्यांनी परक्या माणसाला मशीन बराच वेळ चालवू दिलं त्यांच्यासाठी. स्कॅन स्वच्छ आला तरी आपले फोटो आणि कागदपत्रं पेन ड्राइव्हवर घ्या आणि सेटिंग्जमध्ये 'सिस्टम', 'रिकव्हरी', 'रीसेट धिस पीसी', 'रिमूव्ह एव्हरीथिंग' करा. मला स्वतःला यापेक्षा कमी कशावर भरवसा ठेवता येत नाही. सावधान: पेन ड्राइव्हवर फक्त तुमच्या फाइली घ्या, प्रोग्राम नकोत.

पासवर्ड, आणि तेही दुसऱ्या यंत्रावरून

३७. कुठलीही फाइल उघडली असेल, 'विंडोज-आर' झालं असेल किंवा कुणी आत येऊन गेलं असेल, तर दुसरा स्वच्छ मोबाइल किंवा कॉम्प्युटर हातात घ्या. सावधान: ज्या मशीनवर शंका आहे त्यावर नवा पासवर्ड टाइप करणं म्हणजे चोरासमोर नवं कुलूप लावून किल्ली दाखवणं. घाई वाटते ना, मग दुसऱ्या फोनवरून आत्ताच करा, स्कॅन संपायची वाट बघू नका.

३८. सगळ्यात आधी ईमेलचा पासवर्ड बदला. बाकी सगळ्या खात्यांचे 'पासवर्ड विसरलात?' चे निरोप तिथेच येतात, म्हणून ते पहिलं.

३९. गूगल खात्याच्या 'सिक्युरिटी' मध्ये 'युअर डिव्हायसेस' उघडून अनोळखी यंत्रं आणि ते बाधित मशीन, दोन्ही 'साइन आउट' करा. चोर काही वेळा पासवर्ड नेतच नाहीत, तुमचं उघडं असलेलं लॉगिनच उचलून नेतात. ते इथे तुटतं.

४०. कॉम्प्युटरवरच्या जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर्स' तपासा. तुमचे मेल तिसऱ्याच पत्त्यावर जात असतील तर तो पत्ता काढा.

४१. मग बँक, मग फेसबुक-इन्स्टाग्राम, मग खरेदीच्या साइट, या क्रमाने पासवर्ड बदला. सगळीकडे एकच पासवर्ड नको. वहीत लिहिलात तरी चालेल, वही इंटरनेटवर नसते.

४२. प्रत्येक ठिकाणी टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा, आणि व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हायसेस' मधून अनोळखी यंत्रं काढा.

४३. क्रोमच्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' मध्ये 'सिक्युरिटी' उघडून 'एन्हान्स्ड प्रोटेक्शन' निवडा. सोबत यूब्लॉक ओरिजिन लाइट हे एक्सटेन्शन घेतलंत तर खोटी 'डाऊनलोड' बटणं बरीच नाहीशी होतात. विंडोज १० वापरत असाल तर १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट थांबली आहेत. मशीन झेपत असेल तर ११ वर जा.

आणि मोबाइलवर झालं तर

फोनवरचे डाव जरा वेगळे, म्हणून आकडे पुन्हा एकपासून. हे अँड्रॉइडसाठी आहे.

१. आधी आठवा: व्हॉट्सॲपवर 'लग्नपत्रिका' किंवा 'आरटीओ चलान' नावाची, शेवटी एपीके असलेली फाइल उघडून बसवलीत का? पत्रिका हा फोटो किंवा पीडीएफ असतो. एपीके म्हणजे ॲप, आणि असलं ॲप तुमचे एसएमएस वाचून ओटीपी पळवू शकतं. बसवलं असेल तर फ्लाइट मोड लावा, वाय-फायही बंद झालंय ना बघा, आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि पैसे गेले असतील तर १९३० ला कळवा.

२. पॉप-अप नुसतं पानात असेल तर होम स्क्रीनवर या, क्रोमच्या चित्रावर बोट दाबून ठेवा, 'ॲप इन्फो' उघडून 'फोर्स स्टॉप' करा.

३. सूचना वरून टपकत असतील तर त्यातल्या एकीवर बोट दाबून ठेवा. ती कुठल्या ॲपची आहे ते कळतं. क्रोमची निघाली तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'साइट सेटिंग्ज', 'नोटिफिकेशन्स', आणि वर केलं तसंच ब्लॉक.

४. पॉवर बटण दाबून ठेवा, 'पॉवर ऑफ' दिसलं की त्यावर बोट टेकवून ठेवा आणि 'सेफ मोड' विचारलं की हो म्हणा. सेफ मोडमध्ये बाहेरून घेतलेली ॲप बंद असतात, त्यामुळे आडकाठी करणारं ॲपही गप्प बसतं. सावधान: काही कंपन्यांच्या फोनवर सेफ मोडची बटणं वेगळी असतात, 'पॉवर ऑफ' वर टिचकी मारलीत तर फोन नुसता बंद होईल, परत करा.

५. सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'डिव्हाइस ॲडमिन' टाइप करा आणि तिथल्या अनोळखी ॲपची खूण काढा. हे आधी केलं नाही तर पुढे 'अनइन्स्टॉल' बटण फिकं दिसेल आणि दाबलं जाणार नाही.

६. 'ॲक्सेसिबिलिटी' मध्ये जाऊन कुठल्या अनोळखी ॲपला परवानगी आहे का बघा आणि बंद करा. ही परवानगी असलेलं ॲप तुमची स्क्रीन वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं.

७. 'ॲप्स' ची पूर्ण यादी उघडून नको ते अनइन्स्टॉल करा. सावधान: होम स्क्रीनवर चित्र नाही म्हणजे ॲप नाही असं समजू नका. बिनचित्राची किंवा बिननावाची ओळ यादीत असेल तर तीच बहुधा तुमची पाहुणी.

८. फोन नेहमीसारखा रीस्टार्ट करा.

९. नेट सुरू करून प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर टिचकी मारा आणि 'प्ले प्रोटेक्ट' मधून 'स्कॅन' चालवा. ते बंद केलेलं आढळलं तर सुरू करा. एपीके बसवायला लावणारे ते आधी बंद करायला सांगतात.

१०. फोन टेबलावर उताणा ठेवा आणि दहा मिनिटं हात लावू नका. आपोआप जाहिरात उगवली, तर लगेच खाली चालू ॲप दाखवणारं चौकोनी बटण दाबा. जाहिरात टाकणाऱ्या ॲपचं चित्र आणि नाव बहुधा तिथेच वर दिसतं. नाव वहीत उतरवा आणि पायरी ७ वर परत या.